वक्रोक्ति आणि न्यायासन

हसणें हा मनुष्याचा सहजधर्म आहे. परंतु एखाद्याला हसणें ही शिकावी लागणारी विद्या आहे. या विद्येच्या शाखा अनेक असून त्यांचीं नांवें घरोघरीं इतक्या सैलपणें वापरलीं जातात कीं थट्टा, कुचेष्टा, टोमणा, उपहास, उपरोध, वक्रोक्ति आणि विडंबन हे सारे शब्द एकाच वस्तूचे पर्याय असावेत, असा समज व्हावा. इंग्रजी शिकलेल्या मंडळींत 'सार्कझम' आणि 'आयरनी' या शब्दांचीहि हीच गत होते. बोलण्याच्या ओघांत असा घोटाळा झाला तर फारसें बिघडत नाहीं. परंतु इतिहासांत असे प्रसंग आले आहेत कीं हा भेद ठरविण्याचें काम न्यायासनाकडे गेलें आणि त्या निर्णयावर लेखकाचें स्वातंत्र्य अवलंबून राहिलें. त्या प्रसंगांच्या उजेडांत हा भेद कोशांतल्यापेक्षां अधिक स्पष्ट दिसतो.

प्रथम घरांतलींच उदाहरणें घ्यावीं. सूर्य माथ्यावर आल्यानंतर उठलेल्या मुलाला वडील म्हणतात, "आज फार लवकर जाग आली!" हा टोमणा. शब्द उलट आहेत, पण अर्थ कोणापासूनहि लपविलेला नाहीं. ज्याच्यावर तो टाकला त्याला तो तत्काळ लागला पाहिजे. न लागला तर फुकट गेला. "लेकी बोले, सुने लागे" या म्हणींतला प्रकार याहून निराळा. तेथें बोलणें एकीशीं आणि रोख दुसरीकडे असतो. सुनेनें तक्रार केलीच, तर "आम्हां मायलेकींचें बोलणें चाललें होतें" हें उत्तर तयार असतें. तिसरा प्रकार असा कीं, गांवच्या कवडीचुंबक सावकाराच्या औदार्याचें वर्णन कोणी गंभीर मुद्रेनें करीत बसावें, सावकारानें प्रसन्न होऊन मान डोलवावी, आणि भोंवतालच्या चार जाणत्यांनीं एकमेकांकडे पाहावें. ही वक्रोक्ति. टोमण्याला एक श्रोता पुरतो. वक्रोक्तीला दोन लागतात, एक समजणारा आणि एक न समजणारा. या दोघांमधील अंतरांतच तिचें सारें बळ आणि तिचा सारा धोका आहे.

या दोन प्रकारांचे पाश्चात्त्य शब्द ग्रीक भाषेंतून आलेले आहेत आणि त्यांच्या मूळ अर्थांतच त्यांचा स्वभाव दिसतो. 'सार्कझम' हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थ 'मांस तोडणें' असा आहे. कुत्रा लचका तोडतो, तसें बोलणें. 'आयरनी'चें मूळ मात्र रंगभूमीवर आहे. ग्रीक सुखात्मिकांत फुशारकी मारणारा बढाईखोर असे आणि त्याच्यासमोर स्वतःचें ज्ञान लपवून अजाणाचें सोंग घेणारा 'आयरन' असे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत या दोघांना सत्यभाषी पुरुषाच्या दोन बाजूंना उभें केलें आहे: एक आहे त्याहून अधिक सांगतो, दुसरा आहे त्याहून कमी.

असें सोंग घेण्याचा आरोप सॉक्रेटिसावर त्याच्या हयातींतच होत असे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथांत थ्रॅसिमेकस चिडून त्याला तेंच सुनावतो. इसवी सनापूर्वीं ३९९ सालीं अथेन्सच्या न्यायसभेनें सॉक्रेटिसाला दोषी ठरविलें, तेव्हां तेथील रीतीप्रमाणें स्वतःसाठीं शिक्षा सुचविण्याची संधि त्याला मिळाली. प्लेटोच्या वृत्तान्तानुसार त्यानें प्रथम असें सुचविलें कीं आपल्याला नगराच्या सभागृहांत आजन्म फुकट भोजन मिळावें. हा मान ऑलिंपिक क्रीडांतील विजेत्यांना मिळत असे. शेवटीं मित्रांच्या आग्रहावरून तो ३० मिनांच्या दंडावर आला; पण व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. देहान्ताच्या बाजूनें पडलेलीं मतें दोषी ठरविणाऱ्या मतांहून ८० नें अधिक होतीं, असें डायोजेनीस लेअर्शियस या उत्तरकालीन चरित्रकारानें नमूद केलें आहे. तें खरें असेल, तर ज्यांनीं त्याला निर्दोष मानलें होतें त्यांतलेहि कांहीं जण त्या भाषणानंतर उलटले. न्यायसभेपुढें वक्रोक्ति कोणत्या भावानें पडते याचा हा पहिला ठळक दाखला.

उलट बोललेलें उलट कसें ओळखावें? या प्रश्नाचें सर्वांत नेटकें उत्तर इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन यानें दिलें आहे. त्याच्या मतें वक्रोक्तीचीं गमकें तीन: बोलणाराचा स्वर, बोलणाराचा स्वभाव आणि विषयाचें स्वरूप. यांपैकीं कशाशींहि शब्द विसंगत दिसले कीं ऐकणाऱ्यानें समजावें, अर्थ दुसरा आहे.

संस्कृत साहित्यशास्त्रानें हाच प्रश्न अधिक बारकाईनें सोडविला. भरताच्या नाट्यशास्त्रांत हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. परंतु ही वर्गवारी हसणाऱ्याच्या मुद्रेची आहे, हसविणाऱ्याच्या हेतूची नव्हे. हेतूकडे वळले ते अलंकारशास्त्रज्ञ. रुद्रटानें वक्रोक्तीचे दोन प्रकार केले, एक श्लेषावर आणि दुसरा काकूवर उभा असलेला. काकु म्हणजे स्वराचा हेल. त्याच अक्षरांचा हेल बदलला कीं होकाराचा नकार होतो. निंदेच्या मिषानें स्तुति किंवा स्तुतीच्या मिषानें निंदा केली म्हणजे ती व्याजस्तुति. अकराव्या शतकांत मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त व्यंग्य अर्थ कशाकशामुळें कळतो याची यादीच दिली आहे: बोलणारा, ज्याच्याशीं बोलावयाचें तो, काकु, वाक्य, वाच्यार्थ, जवळ असलेला तिसरा, प्रसंग, देश, काळ. या यादींतील 'जवळ असलेला तिसरा' हा शास्त्रकारांच्या सूक्ष्म दृष्टीचा पुरावा आहे. लेकीशीं बोलतांना ऐकत बसलेली सून ती हीच.

क्विंटिलियनच्या गमकांपैकीं स्वर छापील पानावर नसतो. लेखकानें नांव झांकलें कीं दुसरेंहि जातें. मग उरतें केवळ विषयाचें स्वरूप. मुद्रणकला आल्यानंतर वक्रोक्तीचा इतिहास हा मुख्यतः या राहिलेल्या एका गमकाचा इतिहास आहे. तें पुरेसें ठरलें नाहीं म्हणजे काय होतें, हें डॅनियल डीफोच्या वांट्याला आलेल्या प्रसंगावरून दिसतें.

इंग्लंडांत १७०२ सालीं ॲन राणी गादीवर आली आणि अधिकृत चर्चच्या कट्टर अभिमान्यांना जोर चढला. चर्चबाहेरील प्रॉटेस्टंट पंथीयांना, म्हणजे 'डिसेंटर' लोकांना, सार्वजनिक अधिकारपदांपासून दूर ठेवण्यासाठीं पार्लमेंटांत विधेयक आलें. डीफो हा स्वतः डिसेंटर होता. त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें निनांवी पत्रक छापलें. त्याचें नांव होतें 'डिसेंटरांचा सर्वांत सोपा बंदोबस्त'. पत्रकाचा लेखक जणुं कट्टर चर्चवाला असून तो शांतपणें सुचवितो कीं, दंडबिंड पुरे झाले. या लोकांच्या उपदेशकांना फांसावर चढवावें आणि त्यांच्या सभांना जाणाऱ्यांना हद्दपार करावें. प्रतिपक्षाचेंच म्हणणें शेवटच्या टोंकापर्यंत नेऊन दाखविलें म्हणजे त्याची क्रूरता उघडी पडेल, असा डीफोचा हिशेब होता.

हिशेब चुकला. कट्टर पक्षाच्या कित्येकांनीं पत्रकाचें मनापासून स्वागत केलें, आणि डिसेंटर लोक भयभीत झाले. विषयाचें स्वरूपच खरें तर उलगडा करणारें होतें. पण त्या दिवसांतील व्यासपीठांवरून खरोखरीच इतकें भडक बोललें जात होतें कीं अतिशयोक्ति आणि वस्तुस्थिति यांतील फरक वाचकांना दिसेना. लेखक कोण हें फुटलें तेव्हां फसलेल्यांचा संताप दुप्पट झाला. सरकारनें ५० पौंडांचें बक्षीस लावलें आणि जाहीरनाम्यांत त्याचें वर्णन छापलें: सुमारें चाळिशीचा, नाक बांकदार, हनुवटी टोंकदार, तोंडाजवळ मोठा तीळ. कॉमन्स सभेच्या हुकुमानें पत्रक जाहीरपणें जाळण्यांत आलें. मेमध्यें डीफो पकडला गेला. जुलै १७०३ मध्यें त्यानें अपराध कबूल केला आणि त्याला २०० मार्कांचा दंड, तीन दिवस खोड्यांत उभें राहण्याची शिक्षा व बेमुदत कैद मिळाली. खोड्यांत उभा असतां लोकांनीं त्याच्यावर दगडांऐवजीं फुलें टाकलीं अशी कथा आहे. नोव्हेंबरांत रॉबर्ट हार्लेच्या मध्यस्थीनें तो सुटला. मधल्या काळांत त्याला आणखी एक पत्रक काढून, पहिलें पत्रक उलट अर्थानें घ्यावयाचें होतें, असा खुलासा करावा लागला. विनोदकाराला यापरती शिक्षा कोणती? आणि ज्यांच्यासाठीं हें सर्व केलें ते डिसेंटरहि त्याच्यावर रुष्टच राहिले.

याउलट १७२९ सालीं डब्लिनमध्यें जोनाथन स्विफ्टनें जें पत्रक काढलें त्यांत तिसरें गमक चुकणें जवळजवळ अशक्य होतें. आयर्लंडांत दरवर्षीं जन्मणाऱ्या गरिबांच्या १,२०,००० मुलांपैकीं २०,००० वंशवृद्धीसाठीं राखून उरलेलीं १,००,००० वर्षाचीं झालीं कीं श्रीमंतांच्या जेवणासाठीं विकावीं, अशी 'विनम्र सूचना' त्यांत आहे. हिशेब, भाव आणि फायदे त्या वेळच्या अर्थशास्त्रीय पत्रकांच्या थंड भाषेंत मांडलेले आहेत. स्विफ्टनें जमीनदारांवर टोमणे मारले असते तर ते एका दिवसांत विसरले गेले असते. त्यानें माणसांना आंकड्यांत मोजणारी भाषाच उचलून तिच्याकडून तिचें अंतिम वाक्य वदवून घेतलें. टोमणा माणसाला लागतो. वक्रोक्ति विचाराच्या मुळाशीं जाते.

महाराष्ट्रांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रथम जोर धरला तो उघड उपहासानें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली. तींत जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादांतून अवतारकथांची रेवडी उडविलेली आहे. दुसऱ्या बाजूनें विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ पासून चालविलेल्या 'निबंधमाले'त फुल्यांच्या भाषेवर व व्याकरणावर आणि लोकहितवादींच्या विचारांवर प्रखर उपहास केला. दोघांचें शस्त्र एक होतें, परंतु रोख भिन्न. एकाचा उपहास शतकानुशतकें पूज्य ठरलेल्या वर्चस्वाकडे वळलेला, दुसऱ्याचा विद्येपासून दूर ठेवलेल्या वर्गांतून आलेल्या लेखकाच्या अशुद्ध लेखनाकडे. चिपळूणकरांच्या गद्याचें तेज कोणी नाकारणार नाहीं. पण व्याकरणाच्या चुका दाखवून झाल्यावरहि फुल्यांनीं विचारलेले प्रश्न जागच्या जागींच राहिले. उपहास वरच्याकडे जातो कीं खालच्याकडे, यावर त्याचें आयुष्य बरेंच अवलंबून असतें.

हे दोघे एकमेकांना आणि समाजाला उघड बोलूं शकले. सरकाराविषयीं तसें बोलण्याची वाट मात्र अरुंद होत चालली होती. दंडसंहितेंत १८७० सालीं राजद्रोहाचें १२४-अ हें कलम घालण्यांत आलें. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यांत न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं 'अप्रीति' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला सांगितला आणि टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढील वर्षीं, १८९८ मध्यें, कलमाची दुरुस्ती होऊन त्यांत 'द्वेष' आणि 'तुच्छता' हे शब्द आले. सरकारविषयीं तुच्छता उत्पन्न करणें हा अपराध ठरला, म्हणजे हसणेंहि कायद्याच्या कक्षेंत आलें. त्याच १८९८ च्या मार्चमध्यें पुण्यास शिवराम महादेव परांजपे यांचें 'काळ' साप्ताहिक सुरू झालें.

परांजपे हे संस्कृतचे गाढे पंडित; व्याजस्तुति, काकु आणि ध्वनि हे त्यांच्या घरचे विषय. पुराणांतील राजे, परदेशांतील जुन्या लढाया, साध्या नित्याच्या वस्तु यांवर ते लिहीत, आणि राज्यकर्त्यांची स्तुति करतांना ती इतक्या उंचीवर नेत कीं वाचकाला खालचा खड्डा दिसे. 'लेकी बोले' हा प्रकार घराच्या ओटीवरून वर्तमानपत्राच्या स्तंभांत आला. सुशिक्षित महाराष्ट्रांत हें लेखन आवडीनें वाचलें जाई. स्वर छापतां येत नाहीं हें खरें, पण मम्मटाच्या यादींतील इतर अनेक गोष्टी येथें हजर होत्या. बोलणारा ठाऊक होता, ज्याच्याशीं बोलावयाचें तो ठाऊक होता, प्रसंग, देश व काळ दोघांचे एक होते. डीफोला जो वाचक लाभला नाहीं तो परांजप्यांना घरोघर लाभला.

आणि येथेंच वक्रोक्तिकाराची अडचण उभी राहते. त्याचा गूढार्थ वाचकाला कळला नाहीं, तर लेखन व्यर्थ गेलें. कळला, तर तें कळणें हाच फिर्यादीचा पुरावा. न्यायासनापुढें उभें राहिल्यावर त्याच्यापुढें दोनच मार्ग उरतात. वाच्यार्थाला चिकटून बसावें, म्हणजे आपल्याच कलेला नाकारावें. किंवा गूढार्थ कबूल करावा, म्हणजे शिक्षा पत्करावी. सरकारी वकिलाचें कामहि विलक्षण असतें. त्याला आरोपीचा विनोद उलगडून, ओळीमागून ओळ समजावून सांगावा लागतो, आणि जो द्रोह आरोपीनें स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाहीं तो स्वतःच्या तोंडानें स्पष्ट बोलावा लागतो.

१९०८ सालीं ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथें बाँब फेकला गेला. त्यानंतर 'काळ' पत्रांत आलेल्या लेखाबद्दल परांजप्यांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि जुलैमध्यें मुंबई हायकोर्टानें त्यांना १९ महिन्यांची शिक्षा दिली. त्या खटल्याच्या कामासाठीं मुंबईस गेलेले टिळकहि तेथेंच २४ जूनला पकडले गेले. त्यांना २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. टिळकांच्या खटल्यांतील ज्यूरींत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. मराठी लेख त्यांच्यापुढें ठेवले गेले ते इंग्रजी भाषांतराच्या रूपानें, आणि टिळकांनीं आपल्या दीर्घ भाषणांत त्या भाषांतरांतील शब्दांवर आक्षेप घेतले. कोशाच्या साहाय्यानें शब्द परभाषेंत जातो. त्याच्याभोंवतीं असलेला काकु, प्रसंग आणि लेखक-वाचकांचें साहचर्य जात नाहीं. टिळकांची भाषा सरळ होती, तरी एवढा वाद माजला. जेथें सारा अर्थ आडवळणानेंच येतो, तेथें भाषांतराच्या हातीं काय लागेल याची कल्पना करावी. पुढें 'काळ' बंद पडला आणि त्यांतील निवडक निबंधांचा संग्रह सरकारनें जप्त केला. न्यायालयानें लेखकाला शिक्षा केली होती. संग्रहाच्या जप्तीनें, हा अर्थ लोकांना कळतो, अशी कबुलीच सरकारनें दिली.

याच सुमारास मराठींत हसण्याची एक निर्भय वाटहि रुळत होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे ज्या रूढींना हंसवितात त्यांच्यांत स्वतःच गुरफटलेले असतात. हसणारा आणि हास्यविषय एकाच पंक्तीला बसल्यामुळें त्या उपहासाची धार कापते, पण विषारी होत नाहीं. १९२५ सालीं आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूचीं फुलें' या संग्रहानें विडंबनाला मराठी कवितेंत मानाचें स्थान दिलें. विडंबनाची अट आणखी वेगळी. मूळ कवितेची चाल वाचकाच्या कानांत असल्याखेरीज तें पोंचतच नाहीं. म्हणून विडंबनकार मूळ कवीची खोडी काढतां काढतां त्याच्या लोकप्रियतेचा दाखलाहि देऊन जातो.

कायद्यानें मात्र वक्रोक्तीला पुरतें ओळखलेलें आहे. १८६० च्या दंडसंहितेंत बेअब्रूच्या ४९९ व्या कलमाखालीं स्पष्टीकरण होतें कीं उपरोधानें केलेला आरोपहि बेअब्रू ठरूं शकतो. आणि उदाहरण असें होतें कीं, अमका मोठा प्रामाणिक, त्यानें तमक्याचें घड्याळ कधींच चोरलें नाहीं, असें कोणी चोरीचा संशय उत्पन्न करण्याच्या हेतूनें म्हणावें. अलंकारशास्त्रांतील व्याजस्तुतीचें याहून सोपें उदाहरण सांपडणें कठीण. १ जुलै २०२४ रोजीं जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्यायसंहितेनें घेतली, तरी हें स्पष्टीकरण कायम राहिलें आहे.

तात्पर्य, उलट शब्द वापरले कीं वक्रोक्ति झाली, असें म्हणून भागत नाहीं. टोमणा समोरच्याला लागावा एवढ्यासाठीं असतो. त्याला सामर्थ्य पुरतें आणि तो बहुधा सामर्थ्यवानाच्याच तोंडीं शोभतो, कारण ज्याच्यावर तो पडतो त्याला उलट बोलण्याची सोय नसते. उपहास उघड्यावर चालतो आणि त्याचें मोल त्याच्या रोखावर ठरतें. विडंबन मूळ कृतीच्या खांद्यावर बसतें. वक्रोक्तीला मात्र अर्थ पुरा करणारा वाचक लागतो. तो भेटला नाहीं म्हणून डीफो खोड्यांत उभा राहिला, आणि तो घरोघर भेटला म्हणून परांजपे तुरुंगांत गेले. शिक्षा दोघांनाहि झाली; पण लंडनांत पत्रकाचा अर्थ खुद्द लेखकाला समजावून सांगावा लागला, आणि पुण्यांतील वाचकाला असा खुलासा मागावा लागला नाहीं.